वहिवाट आणि मालकी

टेक्सस राज्याची राजधानी जे ऑस्टिन शहर, त्याच्या दक्षिणेस काही मैलांवर ब्यूडा नावाचे एक लहानसे गाव आहे. आणि त्या गावातील एका घराच्या रिकाम्या शयनकक्षात, २००३ सालाच्या आरंभी, काही तरुणांनी दिवसाची नोकरी आटोपल्यावर रात्री बसून जो उद्योग आरंभिला, त्यातून इंटरनेटवरील स्वतंत्र ॲनिमेशन-व्यवसायाची एक आद्य संस्था उदयास आली. तिचे नाव रूस्टर टीथ. एकवीस वर्षे ती चालली, वाढली, परहस्तगत झाली आणि बंद पडली. अशा संस्थांचे वृत्तांत सामान्यतः भाबड्या कौतुकाने लिहिले जातात, किंवा मग त्या बुडाल्यावर सुचलेल्या शहाणपणाने. मला तिच्या जमाखर्चापेक्षा तिच्या जमिनीत अधिक रस आहे: ही संस्था प्रत्येक काळी कोणाच्या रानात पेरणी करीत होती, आणि त्या रानाचा सातबारा कोणाच्या नावावर होता, हा प्रश्न मनात धरून तिच्याकडे पाहिले म्हणजे तिच्या इतिहासातील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

ॲनिमेशन ही कला जन्मतःच खर्चिक. सेकंदाला चोवीस चित्रे या हिशेबाने एका मिनिटाला चौदाशे चाळीस चित्रे लागतात. ती काढणारे हात, त्या हातांचे पगार, पुढे वितरक, चित्रगृहे, दूरचित्रवाणीचे अधिकारी, अशी सारी उतरंड पार केल्यावाचून एकट्यादुकट्या कलावंताचे काम लोकांच्या दृष्टीस पडण्याचा संभव विसाव्या शतकात जवळजवळ नव्हता. १९९६ च्या सुमारास दोन गोष्टी घडल्या, आणि गंमत अशी की दोहोंचाही उद्देश हा बंदोबस्त मोडण्याचा नव्हता. पहिली म्हणजे फ्लॅश या नावाने पुढे विख्यात झालेली संगणक-प्रणाली, जिच्यामुळे हलती चित्रे अतिशय लहान आकाराच्या फायलीत मावू लागली आणि दूरध्वनीच्या तारेवरून रडतखडत चालणाऱ्या त्या काळच्या इंटरनेटलाही ती पेलू लागली. टॉम फुल्प या तरुणाचे न्यूग्राउंड्स हे अशा चित्रांचे मोकळे व्यासपीठ झाले. माइक आणि मॅट चॅपमन या बंधूंनी होमस्टार रनर ही आपली मालिका एकही जाहिरात न घेता केवळ सदरे आणि तबकड्या विकून चालवून दाखविली. दुसरी गोष्ट क्वेक या युद्धखेळाची. त्याच वर्षी काही खेळाडूंनी आपल्या खेळाचे चित्रण करून त्यातून एक चिमुकली कथा रचली, आणि जो खेळ शत्रूंना गोळ्या घालण्यासाठी निर्माण झाला होता त्याच्या यंत्रणेत एक नाट्यगृह दडलेले आहे, हे जगाच्या ध्यानात आणून दिले. या प्रकारास पुढे मशिनिमा असे नाव पडले. चित्रे काढावयाची नाहीत, नट आयते, नेपथ्य आयते, प्रकाशयोजनाही आयती; आपण फक्त बाहुल्या नाचवावयाच्या आणि संवाद बोलावयाचे.

रूस्टर टीथची उत्पत्ती या दुसऱ्या शाखेतली. बर्नी बर्न्स आणि मॅट हलम हे टेक्सस विद्यापीठातले मित्र. जोएल हेमन याच्यासह त्यांनी १९९७ मध्ये द शेड्यूल नावाचा एक अल्पखर्चिक चित्रपट केला होता, आणि त्याने कोणाचेच नशीब न उघडल्यामुळे हलम व हेमन लॉस एंजेलिसला गेले, तर बर्न्स ऑस्टिनच्या परिसरातील एका तांत्रिक साहाय्याच्या कचेरीत चाकरीस राहिला. तेथे त्यास जॉफ रॅमझी आणि गस सोरोला हे दोघे भेटले. त्या दोघांनी खेळांविषयी टवाळखोर परीक्षणे लिहिण्याचा एक हौशी उपक्रम चालविला होता, आणि बर्न्स त्यासाठी हालो या खेळाच्या चित्रणावर विनोदी निवेदन करून देई. २००२ च्या सप्टेंबरात त्यांनी रेड व्हर्सेस ब्लू या नियोजित मालिकेची एक झलक प्रसिद्ध केली, आणि नंतर ती बासनात बांधून ठेवली. संगणक-खेळांच्या एका प्रसिद्ध मासिकाने त्यांच्या दुसऱ्याच एका ध्वनिचित्रफितीस आपल्या तबकडीत स्थान देण्याची परवानगी मागितली नसती, तर ते बासन बहुधा तसेच राहिले असते. मासिकातून नवा प्रेक्षक येणार, तर त्यास दाखवावयास काहीतरी हवे, एवढ्या व्यावहारिक कारणाने ती झलक पुन्हा बाहेर निघाली; आणि १ एप्रिल २००३ रोजी मालिकेचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. सहा-आठ भागांत आटोपावयाचा हा बेत होता.

हालो हा मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स यंत्राबरोबर नोव्हेंबर २००१ मध्ये बाजारात आलेला, बंगी या संस्थेने रचलेला खेळ. चिलखतधारी सैनिकांच्या या खेळातील ब्लड गल्च नावाचे मैदान म्हणजे चहूबाजूंनी कड्यांनी वेढलेली एक दरी, तिच्या एका टोकास तांबड्यांची गढी आणि दुसऱ्या टोकास निळ्यांची. बर्न्सच्या तल्लख बुद्धीने त्यातले व्यंग नेमके टिपले: तांबडे तेथे का आहेत, तर निळे तेथे आहेत म्हणून, आणि निळे का, तर तांबडे आहेत म्हणून. युद्ध नाही, हुकूम नाहीत, करमणूक नाही. केवळ कंटाळा, वरिष्ठांचा मूर्खपणा आणि एकमेकांची अखंड टवाळी. ज्याने कोणत्याही सरकारी कचेरीत दुपारच्या वेळी अर्धा तास काढला आहे, त्यास या सैनिकांची ओळख पटविण्याची गरज पडू नये.

परंतु या मालिकेचे खरे कौतुक तिच्या चित्रणपद्धतीत आहे, आणि तेथे थोडे रेंगाळणे अवश्य आहे. अनेक एक्सबॉक्स यंत्रे तारांनी परस्परांस जोडून प्रत्येकाच्या हाती एकेक सैनिक देण्यात येई. त्यांपैकी एक खेळाडू कॅमेरावाला होई, म्हणजे त्याच्या सैनिकाच्या डोळ्यांना जे दिसेल ते चित्रपट म्हणून मुद्रित होई. आता कॅमेरावालाही सैनिकच असल्यामुळे त्याची बंदूक चित्राच्या तळाशी लुडबुडे. म्हणून चित्राच्या वर आणि खाली काळ्या पट्ट्या घालण्यात आल्या, आणि जे लपविण्यासाठी केले होते ते पाहणाऱ्यास सिनेमासारखे भारदस्त वाटू लागले. सैनिकांचे मुख शिरस्त्राणाने पूर्ण झाकलेले, तेव्हा ओठांच्या हालचाली जुळविण्याचा, म्हणजे ॲनिमेशनमधील एका अत्यंत कष्टाच्या कामाचा, प्रश्नच मिटला. बोलणाऱ्याने मान किंचित हलविली की पुरे. अडचण एवढीच होती की हे सैनिक सदासर्वदा बंदूक रोखून उभे असत, आणि दोन मित्र एकमेकांच्या छातीवर नेम धरून गप्पा मारीत आहेत असे दृश्य दिसे. त्यावर उपाय सापडला तो खेळातील एका चुकीत. पिस्तूल हाती घेऊन दृष्टी अगदी खाली वळविली, तर इतरांच्या पडद्यावर त्या सैनिकाचे शस्त्र खाली झुकलेले, पण मस्तक मात्र सरळ समोर दिसे. अर्थात नटाच्या स्वतःच्या पडद्यावर त्याला स्वतःच्या पायांखालची जमीन तेवढी दिसे. म्हणजे हे सारे बाहुलेकार आंधळेपणाने मान डोलावीत, आणि प्रयोग कसा वठला हे केवळ कॅमेरावाल्यास ठाऊक असे. हलम आणि हेमन यांचे आवाज लॉस एंजेलिसहून इंटरनेटवरून येत. दारिद्र्याने घातलेल्या प्रत्येक मर्यादेतून शैलीचे एकेक लक्षण निर्माण होत गेले, आणि ही गोष्ट या संस्थेच्या इतिहासात पुढे आणखी एकदा घडावयाची होती.

मालिकेस पहिल्याच वर्षी असा काही प्रतिसाद मिळाला की त्या काळच्या अंदाजांप्रमाणे आठवड्यास साडेसहा लाखांपासून दहा लाखांपर्यंत लोक ती उतरवून घेऊ लागले. यूट्यूबचा जन्म २००५ चा. त्यापूर्वी एखादी चित्रफीत लोकप्रिय होणे म्हणजे तिच्या निर्मात्यावर संकट कोसळणे होय, कारण प्रत्येक प्रेक्षकाला फाईल पुरविण्याचा खर्च निर्मात्याच्याच माथी बसे. आज ज्याला यश म्हणतात त्याचे बिल तेव्हा महिन्याच्या अखेरीस घरी येत असे. या खर्चाची तरतूद त्यांनी दोन मार्गांनी केली: तबकड्या आणि सदरे विकून, आणि आश्रयदाते नोंदवून. अल्प वर्गणी भरणाऱ्यास नवा भाग इतरांच्या आधी आणि अधिक सुस्पष्ट स्वरूपात मिळे. बाकीच्यांस तो फुकटच. कथा सर्वांस मोफत द्यावयाची आणि उत्सुकतेवर किंमत लावावयाची, ही व्यवस्था आज सर्वत्र रूढ आहे. तेव्हा ती नवी होती आणि तिने संस्थेस कोणाही सावकाराच्या दारी न पाठविता पोसले.

आता जमिनीचा प्रश्न. मैदान मायक्रोसॉफ्टचे, सैनिक मायक्रोसॉफ्टचे, चिलखतांचे रंगसुद्धा त्यांचेच. त्यावर हे तरुण पीक काढीत होते आणि ते बाजारात विकीतही होते. कायद्याच्या दृष्टीने पाहता एका नोटिशीने सारा खेळ आटोपला असता. नोटीस आली नाही. संपर्क साधण्यात आला, आणि परवाना-शुल्क न आकारता मालिका चालू ठेवण्यास मुभा मिळाली. मायक्रोसॉफ्टला यात आपला फायदा दिसला, कारण ही मालिका म्हणजे त्यांच्या खेळाची अव्याहत जाहिरातच होती. पुढे तर त्यांनी विशेष प्रसंगांसाठी छोट्या चित्रफिती या मंडळींकडून करवूनही घेतल्या. हालो २ मध्ये ती पिस्तुलाची चूक उरली नाही, तेव्हा बंगीने सैनिकास शस्त्र खाली घेता येईल अशी सोय बुद्ध्याच ठेवली. कुळासाठी मालकाने बांध फोडून पाणी द्यावे, अशातला हा प्रकार. तथापि औदार्य आणि हक्क यांत अंतर आहे. खंड माफ असला तरी वहिवाट ती वहिवाटच. जमीन नावावर चढत नाही. रूस्टर टीथने हे ओळखले असावे, कारण २००४ मध्ये सिम्स २ या निराळ्या खेळाच्या आधाराने तिने स्ट्रेंजरहुड नावाची दुसरी मालिका काढली. पण तेथेही रान परक्याचेच होते, आणि तिची लोकप्रियता मूळ मालिकेच्या जवळपासही गेली नाही.

२००७ च्या जूनमध्ये रेड व्हर्सेस ब्लूचा शंभरावा भाग प्रसिद्ध होऊन दरीतील कथा संपली. दरम्यान मालिकेचे प्रयोग न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरसारख्या प्रतिष्ठित ठिकाणीही झाले, आणि समीक्षकांनी तिची तुलना ॲब्सर्ड नाटकांशी केली. ती तुलना मला अतिशयोक्त वाटते, पण अगदीच अस्थानी वाटत नाही. शयनकक्षातून बिऱ्हाड ऑस्टिन शहरात आले. २००८ मध्ये खेळांविषयीचा एक स्वतंत्र विभाग आणि संभाषणांचा ध्वनिमुद्रित कार्यक्रम सुरू झाला, २०११ पासून चाहत्यांचे वार्षिक संमेलन भरू लागले. या विस्तारात ॲनिमेशनचा वाटा किती आणि गप्पांचा किती, हे सांगणे अवघड होत गेले. प्रेक्षक आता पात्रांवर जितके प्रेम करीत तितकेच, किंवा अधिक, ती पात्रे बोलविणाऱ्या माणसांवर करू लागले होते.

अशा वेळी, २०१० मध्ये, मॉन्टी ऊम तेथे आला. र्‍होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथे १९८१ मध्ये जन्मलेल्या या तरुणाने शाळा अर्धवट सोडली होती आणि ॲनिमेशनचे कसलेही विधिवत शिक्षण घेतले नव्हते; २००७ मध्ये हालोतील योद्ध्यास दुसऱ्या एका खेळातील नायिकेशी झुंजवणारी हालॉइड ही चित्रफीत त्याने एकट्याने केली आणि ती पाहून भल्याभल्यांचे डोळे दिपले. रूस्टर टीथमध्ये येताच त्याने आठव्या पर्वापासून खेळाच्या चित्रणास स्वतः रचलेल्या ॲनिमेशनची जोड दिली. जे सैनिक सात वर्षे मान डोलावण्यापलीकडे काही करू शकत नव्हते, ते आता गिरक्या घेऊ लागले, कड्यांवरून झेपावू लागले. परंतु ऊमचे मन स्वतःच्या पात्रांकडे होते, आणि २०१२ च्या नोव्हेंबरात रेड व्हर्सेस ब्लूच्या दहाव्या पर्वाच्या अखेरीस, लाल टोपडे घातलेली एक मुलगी हिमाच्छादित रानात लांडग्यांच्या कळपाशी झुंजते अशी झलक प्रेक्षकांसमोर आली. हीच रूबी, आणि मालिका आरडब्ल्यूबीवाय या चार अक्षरांची, जिचा उच्चारही रूबी असाच होतो.

१८ जुलै २०१३ रोजी तिचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. जपानी ॲनिमेच्या धाटणीची ही मालिका टेक्ससमधल्या एका कार्यालयात पोझर नावाच्या प्रणालीवर रचली गेली, जी मुळात चित्रकारांना मानवाकृतींच्या ढबी जुळवून पाहण्यासाठी होती. चित्रपटासारखे ओझे तिच्यावर कोणी शहाण्याने टाकले नसते. वेळ आणि माणसे दोन्ही अपुरी असल्यामुळे पहिल्या पर्वात रस्त्यावरची आणि सभागृहातली दुय्यम माणसे नुसत्या काळ्या छायाकृती म्हणून दाखविण्यात आली. शिरस्त्राणामागे लपलेल्या तोंडांची परंपरा येथे दुसऱ्या रूपाने अवतरली. झुंजीची रचना ऊम संगीताच्या तालावर करी. जेफ विल्यम्सच्या गीतांवर त्या मुली ज्या रीतीने शस्त्रे परजतात, ती लढाई कमी आणि नृत्य अधिक आहे. कथानक आरंभी कच्चे आहे, संवाद बेताचे आहेत, हे प्रांजळपणे म्हणावे लागते. आणि तरीही त्या गतीपुढे हे दोष कोणाच्या लक्षात राहत नाहीत. १ फेब्रुवारी २०१५ रोजी, एका वैद्यकीय उपचाराच्या वेळी झालेल्या तीव्र प्रतिक्रियेतून न सावरता, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी ऊम निवर्तला. माइल्स लूना आणि केरी शॉक्रॉस या त्याच्या सहकाऱ्यांनी मालिका पुढे नेली. त्याच वर्षाअखेर जपानी नटांच्या आवाजात ती खुद्द जपानच्या चित्रगृहांत लागली. जेथून शैली उचलली तेथेच ती विकावयास नेण्याचा हा प्रसंग त्यास पाहावयास मिळाला नाही.

आरडब्ल्यूबीवाय ही रूस्टर टीथची पहिली मोठी, निखळ स्वतःच्या मालकीची जमीन होती. पात्रे तिची, जग तिचे, बाहुल्यांपासून पुस्तकांपर्यंत सारे उत्पन्न तिचे. आणि येथेच या इतिहासातील विपर्यास आहे. जोवर संस्था परक्या मैदानावर पीक काढीत होती, तोवर तिला विकत घेण्याजोगे तिच्याजवळ फारसे काही नव्हते. मालकी हाती येताच ती खरेदीदारांच्या नजरेत भरली. २०१४ च्या उन्हाळ्यात लेझर टीम या चित्रपटासाठी चाहत्यांनी वर्गणीतून चोवीस लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली, आणि त्याच वर्षी संस्थेचे बिऱ्हाड ऑस्टिनच्या बंद झालेल्या म्यूलर विमानतळाच्या जागेवरील चित्रनगरीत हलले. प्रेक्षक इतकी रक्कम देतात, तेव्हा संस्थेस धनिकाची गरज काय, असे कोणासही वाटावे. पण नोव्हेंबर २०१४ मध्ये फुलस्क्रीन या कंपनीने रूस्टर टीथ खरेदी केली. वाढीची हाव होती असे म्हणणे सोपे आहे. मला ते पुरते न्याय्य वाटत नाही. वाढत्या मनुष्यबळाचे पगार, मोठी जागा आणि मोठ्या मालिका यांचा संसार केवळ सदरे विकून चालविणे कठीण होते, आणि यूट्यूबच्या जाहिरातींच्या उत्पन्नावर विसंबणे म्हणजे पुन्हा एकदा परक्याच्या रानात जाणेच होते.

पुढच्या दहा वर्षांचा तपशील कंटाळवाणा आहे, कारण तो दप्तरे बदलण्याचा तपशील आहे. फुलस्क्रीन ही ऑटर मीडियाची. ऑटर मीडिया प्रथम एटी अँड टी आणि चेर्निन यांच्या भागीदारीची, २०१८ पासून सर्वस्वी एटी अँड टीची आणि म्हणून वॉर्नर मीडियाच्या छत्राखाली. आणि २०२२ मध्ये तेही डिस्कव्हरीत विलीन होऊन वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी. प्रत्येक धन्याच्या दरबारात ही संस्था अधिकाधिक लहान होत गेली. २०१९ मध्ये जेन:लॉक ही मायकेल बी. जॉर्डनसारख्या विख्यात नटाच्या आवाजाची महत्त्वाकांक्षी मालिका निघाली, आणि त्याच वर्षी ॲनिमेशन विभागातील माणसांनी अतिश्रमांच्या व जादा कामाचा मोबदला न मिळाल्याच्या तक्रारी चव्हाट्यावर मांडल्या. सप्टेंबरात सुमारे तेरा टक्के लोकांना कामावरून कमी करण्यात आले. ज्या श्रमांना शयनकक्षाच्या काळात हौस म्हणत, त्यांनाच पगारपत्रक असलेल्या कंपनीत पिळवणूक म्हणतात, आणि तसे म्हणणे योग्यच आहे. मालक बदलला होता, पण रात्री जागण्याची सवय तीच राहिली होती. २०२० मध्ये बर्न्स बाहेर पडला. ६ मार्च २०२४ रोजी संस्था बंद करीत असल्याचे जाहीर झाले. सुमारे दीडशे माणसांचा रोजगार गेला. मे महिन्यात रेड व्हर्सेस ब्लूचा शेवटचा चित्रपट प्रसिद्ध करण्यात आला.

याच सुमारास सिडनी येथील ग्लिच प्रॉडक्शन्स ही दोघा भावांनी २०१७ मध्ये काढलेली संस्था, तिचाही उगम मारिओच्या खेळावरील अशाच मशिनिमात असूनही, अगदी उलट मार्गाने वर येत होती. १३ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रसिद्ध झालेल्या तिच्या द अमेझिंग डिजिटल सर्कस या मालिकेचा पहिला भाग कोट्यवधी लोकांनी पाहिला; वर्षभराने ती नेटफ्लिक्सवरही दिसू लागली, पण यूट्यूबवर फुकट दाखविण्याचा आणि बाहुल्या विकून खर्च भागविण्याचा क्रम संस्थेने सोडला नाही. ऑस्टिनच्या मंडळींनी २००३ मध्ये घालून दिलेला पाठच येथे गिरविला जात आहे, हे उघड आहे.

रूस्टर टीथची मालमत्ता पुढे तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. आरडब्ल्यूबीवाय २०२४ मध्येच व्हिझ मीडियाकडे गेली. म्हणजे संस्थेने स्वतः कसलेली जमीन मूळ कुटुंबाच्या हातून कायमची निसटली. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्न्सने आपल्या बॉक्स कॅनियन प्रॉडक्शन्स या कंपनीच्या वतीने रूस्टर टीथचे नाव आणि रेड व्हर्सेस ब्लूसह काही जुन्या मालिकांचे हक्क वॉर्नरकडून परत विकत घेतले. या व्यवहारात त्याने काय गमावले आणि काय कमावले याचा हिशेब ज्याने त्याने करावा. माझ्या मते, एकवीस वर्षांत या संस्थेने जे उत्तम निर्माण केले त्याचा अर्धा भाग तरी पुन्हा त्याच्या खऱ्या धन्याच्या स्वाधीन झाला आहे, आणि मोठ्या कंपन्यांच्या जगात एवढेही क्वचितच घडते.